पोरगा तासभर कंडक्टर होऊन बडबडतो, ट्यूशन लावू का?

पत्र बेळगावातल्या अनगोळकडच्या एका आईचं आहे, चार पानी आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा साडेपाच वर्षांचा, इंग्लिश मीडियमला युकेजीत. डायरीत मिसचा शेरा आलाय की एका जागी बसत नाही, अक्षर ओळीत येत नाही, घरी प्रॅक्टिस घ्या नाहीतर ट्यूशन लावा. नवऱ्याचं म्हणणं, पाच ते साडेसहा ट्यूशन लावूया, शेजारची मुलगी शंभरपर्यंत लिहिते. सासूबाई म्हणतात खेळू दे, पण गेटच्या आत, बाहेरची पोरं कन्नड-मराठी भेसळ बोलतात, याची भाषा बिघडेल. आणि पोरगा काय करतो, तर तीनला शाळेतून आला की सोफ्यापाशी तासभर बस कंडक्टर होतो आणि एकटाच बोलत बसतो. शेवटी विचारलंय, "अक्का, हे नॉर्मल आहे का? आणि खेळायला किती वेळ देऊ म्हणजे अभ्यासाचं नुकसान होणार नाही?"

तुला तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील. मी शहापुरात सव्वीस वर्षं बालवाडी चालवली, शेकडो पोरं हाताखालून गेली, आणि खरं सांगते, तुझं पत्र वाचताना मिसच्या शेऱ्यापाशी मी थांबलेच नाही. थांबले ते कंडक्टरपाशी. तू ते सात-आठ ओळीत उरकलंयस आणि शेवटी "असं काहीतरी चाललेलं असतं" म्हणून सोडून दिलंयस, पण अख्ख्या पत्रात सगळ्यात मोलाचं तेच आहे.

तूच लिहिलेलं परत वाच. सोफ्याच्या चार उशा म्हणजे चार सीटा. आज्जीला फुकट तिकीट, पण त्याआधी "आधार दाखवा" म्हणून अडवलं. आजोबांना सात रुपये तिकीट सांगितलं, त्यांनी दहाची नोट म्हणून पेपरचा तुकडा दिला, तर ह्यानं डब्यातली तीन बटणं मोजून सुट्टे परत केले. तू दारात उभी होतीस तर तुला "मुंद होग्री, मुंद होग्री" करून आत सरकवलं, मग तोंडानंच शिट्टी आणि "रैट!"

आता बघ यात काय काय आहे. बायकांना फुकट आणि पुरुषांना पैसे, हा कर्नाटक सरकारच्या बसमधला 2023 पासूनचा शक्ती योजनेचा नियम त्याला कुणी बसवून शिकवलेला नाही, तुझ्या साडीचा पदर धरून बसमध्ये उभं राहून त्यानं तो बघितला, डोक्यात ठेवला आणि घरी आल्यावर बरोब्बर लावला. दहातून सात गेले की तीन, ही वजाबाकी त्याला वहीत येत नाही म्हणतेस, पण आजोबांचे सुट्टे त्यानं चुकवले नाहीत. बसमधल्या माणसांशी कन्नड आणि आज्जीशी मराठी, हा फरक त्याला कळतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बटणाचा रुपया झाला, कागदाचं तिकीट झालं. एक वस्तू दुसऱ्याच कशाची तरी खूण म्हणून धरायची, आणि सगळ्यांनी ती मानायची. अगं, अक्षर म्हणजे तरी वेगळं काय असतं? 'क' ही नुसती रेघ, आपण ठरवलं म्हणून तो आवाज. ज्या पोराला बटणाचा रुपया करता येतो ना, त्याला उद्या रेघेचा आवाज करता येणार, तयारी तिथंच होत असते, सोफ्यावर.

एकटा बडबडतो त्याची काळजी करू नकोस. ह्या वयात विचार तोंडातून बाहेर ऐकू येतात, नंतर सात-आठ वर्षांपर्यंत ते हळूहळू आत जातात आणि आपण त्याला मनातल्या मनात बोलणं म्हणतो. वायगोत्स्की नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ होता, 1934 मध्ये वारला, अगदी तरुण वयात, त्यानं हे मांडून ठेवलंय. त्याच्याच विचारानं पुढं गेलेल्या लोकांनी 1940 च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता, तो तुझ्या मिसला सांगण्यासारखा आहे. लहान मुलांना नुसतं सांगितलं, न हलता उभं राहा, तर थोड्याच वेळात चुळबुळ सुरू. तीच मुलं, पण आता सांगितलं तू पहारेकरी आहेस, पहारा देतोयस, तर कितीतरी जास्त वेळ ताठ उभी राहिली. कुणी दटावलं नाही, बक्षीस दिलं नाही, खेळातल्या पहारेकऱ्यानं हलायचं नसतं म्हणून हलली नाहीत. स्वतःला आवरणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, मनात आलं तरी न करणं हे सगळं पोरं अशी शिकतात. तुझा लेक सीट सोडून पळतो असं शाळा म्हणते, आणि घरात तोच तासभर एक ड्यूटी सोडत नाही. मग बसायची ताकद त्याच्यात नाही असं कसं म्हणायचं? ती आहे, फक्त ओळीत 'ए' गिरवण्यासाठी ती खर्च करायला त्याला अजून कारण सापडलेलं नाही.

अक्षराचं बोलू. आपल्या मनगटात आठ बारकी हाडं असतात, आणि बाळ जन्मतं तेव्हा त्यातलं एकही हाड झालेलं नसतं, सगळी मऊ कूर्चा असते. मग वर्षागणिक एकेक करून ती हाडं होत जातात, शेवटचं व्हायला तर नऊ-दहा वर्षं आणि कधी त्याहून जास्त लागतात. साडेपाच वर्षांच्या हातात हे काम अर्ध्यात चाललेलं असतं आणि आपण त्याच्याकडून चार रेघांत बसणारं बारीक अक्षर मागतो. बरं, पेन्सिल बोटं धरतात पण बोटांना आधार मनगटाचा, मनगटाला खांद्याचा, आणि खांदा घट्ट होतो तो लटकून, चढून, ढकलून, झोका घेऊन. नागपंचमीला झाडाला दोर बांधून पोरं तासन्‌तास झोके घ्यायची, बेंदराला मातीचे बैल करायची, शिंगं नीट येईपर्यंत चिखल दाबत बसायची, गोट्या खेळताना एका बोटावर ताण धरून नेम साधायची. ह्या पोरांच्या हाताला वेगळी प्रॅक्टिस लागायची नाही. तू एवढंच कर, चपात्या करताना त्याला कणकेचा गोळा दे, शेंगा सोलायला बसव, ओले कपडे पिळायला हाताशी घे, आणि पाऊस उघडला की अंगणातल्या चिखलात सोड. कपडे खराब होतात ग, मला माहित आहे, आणि जून ते सप्टेंबर बेळगावात वाळत पण नाहीत. एक जुनी चड्डी-बनियन फक्त चिखलासाठी ठेव.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. बालवाडीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी पण पालकांच्या धाकानं पाटी-पेन्सिल घेऊन बसवायची. एक मुलगी होती, साडेचार वर्षांची, पाटी दिसली की तिचं पोट दुखायचं. मी वर्षभर तिच्याकडून 'अ' गिरवून घेतला, आणि वर्षअखेर तिला 'अ' आला पण ती माझ्याशी बोलायची बंद झाली. नंतर एकदा भातुकलीत ती बाई झाली आणि बाहुलीला माझ्याच आवाजात ओरडली, "लिही म्हटलं ना!" मी दारात उभी होते. त्या दिवसापासून पाट्या कपाटात गेल्या. पोरं जे आपल्याला सांगू शकत नाहीत ते खेळून दाखवतात, कोरोनानंतर पण आमच्याकडं कितीतरी महिने बाहुल्यांच्या नाकात काड्या घालून टेस्ट चालायच्या, आणि ते करून करून त्यांची भीती गेली. म्हणून पण म्हणते, त्याचा खेळ बघत जा.

आता सासूबाईंचं गेट. त्यांची खेळू दे ही अर्धी गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांग. पण गेट उघडायला पाहिजे. इथं भाषेचा विषय निघाला की मोठ्यांचे आवाज चढतात, त्याला कारणं आहेत, मी स्वतः मराठी शाळेत शिकलेली आहे आणि घरात मराठी टिकली पाहिजे यावर माझं मत पक्कं आहे. पण घरातली मराठी टिकते ती आज्जीच्या गोष्टींनी, आईच्या बोलण्यानं, गेट बंद करून नाही. गल्लीत खेळताना पोरगं कन्नड उचलेल, कदाचित थोडी उर्दू पण, काही दिवस एकाच वाक्यात सगळं कालवेल, आणि मग आपोआप वेगळं करेल, दोन-तीन भाषांत वाढणारी सगळी पोरं असंच करतात. कुठल्याही क्लासात अशी भाषा येत नाही, कारण लगोरी फुटल्यावर "पळ" हा शब्द ज्या भाषेत ऐकू येईल त्या भाषेत लगेच कळावा लागतो. शिव्या शिकेल, हो. शिकेल आणि घरी आणेल, तू शांतपणे सांग की हा शब्द आपल्या घरात चालत नाही, एवढंच. मोठा तमाशा केलास तर तो शब्द त्याच्या जास्त आवडीचा होईल.

आणि एकट्याच्या खेळात जे मिळत नाही ते गल्लीत मिळतं. आमच्या गल्लीतला दिवाळीचा किल्ला सांगते. मागच्या वर्षी सात-आठ पोरं, सगळ्यात मोठा सहावीतला, सगळ्यात धाकटी चार वर्षांची. दगडं रचली, वर चिखलात बुडवलेलं पोतं टाकलं, आणि मग भांडण लागलं बुरूज कुठं. दोघं राजहंसगड बघून आलेले, ते म्हणाले असा नसतो दरवाजा, तिसरा म्हणाला आमचा किल्ला आहे आम्ही कसाही करू. पाऊण तास काम बंद. मी गॅलरीतून बघत होते, खाली जाऊन मिटवावं असं दहादा वाटलं पण गेले नाही. शेवटी मोठ्यानंच तोड काढली की दोन दरवाजे करूया, एक खरा आणि एक चोरदरवाजा. धाकटीला काय काम, तर मोहरी पेरायची. तिनं अख्खी वाटी एकाच जागी ओतली, तिथं जंगल उगवलं, आणि सगळ्यांनी ठरवलं की ते जंगलच आहे, त्यात वाघ ठेवला. मोठ्या माणसाला हे सुचलं नसतं, आम्ही मोहरी गोळा करून पसरली असती. लिंबू-टिंबू म्हणतात ना आपल्याकडं, धाकट्याला खेळात घ्यायचं पण त्याच्यावर राज्य यायचं नाही, हा नियम पोरांनी पोरांसाठी केलाय, कुणा शिक्षणतज्ज्ञानं नाही. तुझा लेक आज कुणाचा तरी लिंबू-टिंबू होईल आणि दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी सांभाळून घेईल. "टॅम्प्लीज" म्हटलं की थांबायचं, चिडका डाव खेळला तर उद्या कुणी घेत नाही, हरलं तरी परत यायचं, हे पुस्तकात वाचून येतं का सांग.

मारामारी करतील, पडतील. खरी मारामारी आणि खोटी, फरक तोंडावर दिसतो. हसत असतील, आळीपाळीनं खाली-वर होत असतील, सुटल्यावर परत एकमेकांकडंच जात असतील तर तो खेळ आहे, सोडून दे. एक जण गप्प झाला, पळून जायला बघतोय, तर जा आणि सोडव. गाड्यांचा रस्ता असेल तर मात्र कुणीतरी मोठं माणूस कट्ट्यावर बसलंच पाहिजे, आजोबा बसू देत, त्यांनाही बरं वाटेल. गुडघे फुटतील, हळद लावायची.

मोबाईलबद्दल तू एका ओळीत लिहिलंयस, जेवताना देते म्हणून, मी पण लांबवत नाही, आजपासून बंद कर, तीन दिवस रडेल. डोळ्यांचं मात्र सांगते कारण हे फार लोकांना माहित नसतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांमध्ये पहिलीची मुलं घेऊन अभ्यास झाला, अर्ध्या शाळांत रोज चाळीस मिनिटं जास्तीची, नुसती उघड्यावर. तीन वर्षांनी बघितलं तर एरवीच्या शाळांत शंभरातल्या चाळीसेक मुलांना लांबचं दिसायचं कमी झालेलं, आणि बाहेर जाणाऱ्यांत तीसेक. 2015 मध्ये हे छापून आलं. चाळीस मिनिटांना एकही रुपया लागत नाही.

आता तुझ्या नवऱ्याशी बोलायचं. तो वाईट म्हणत नाहीये, पोरगं मागं पडेल ही भीती आहे त्याला आणि ती खरी भीती आहे, तिला हसू नकोस. त्याच्यासमोर कागद घेऊन दिवस मांड. तीनला शाळेतून, खाणं-पिणं होईपर्यंत साडेतीन-चार, पाच ते साडेसहा ट्यूशन, मग अंधार, मग शाळेचा होमवर्क, जेवण, झोप. त्याला बाहेर पळायला कुठली वेळ राहिली? जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलंय की पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी निदान साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल पाहिजे. निदान साठ. त्यात सोफ्यावरचा कंडक्टर धरलेला नाही, तो वेगळा. तू विचारलंस किती वेळ देऊ म्हणजे अभ्यासाचं नुकसान होणार नाही, तर ह्या वयात प्रश्न उलटा विचारायला पाहिजे, किती वेळ बसवू म्हणजे खेळाचं नुकसान होणार नाही. माझं उत्तर, रोज दहा-पंधरा मिनिटं, ते पण मांडीवर घेऊन गोष्टीचं पुस्तक वाचायला. शाळेचा होमवर्क जेवढा होईल तेवढा. ट्यूशन नको, ह्या वर्षी नको आणि पुढच्या वर्षी पण नको.

आणि हे माझंच खूळ नाही असं त्याला सांग. केंद्राच्या 2020 च्या शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय आणि तो खेळातून शिकण्याचा आहे असं स्पष्ट म्हटलंय, म्हणजे पहिली-दुसरी सुद्धा त्यातच. त्याच्याही कितीतरी आधी बालशिक्षणाचं काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडकांनी हे करून दाखवलंय. 1945 मध्ये बोर्डीला सुरुवात केली, पुढं कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर. आदिवासी पोरं शाळेत येईनात तर बाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं चारायच्या कुरणात नेली, आणि दगड, शिंपले, पानं, बिया ह्याच्यावर मोजणं शिकवलं. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, त्यातलं अंगण तिथलं आहे. आणि खेळणं हा पोराचा हक्क आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात एकतिसाव्या कलमात लिहिलंय, भारतानं 1992 मध्ये तो मान्य केलाय.

मिसला भेट, पण भांडायला जाऊ नकोस. एका वर्गात तीस-चाळीस पोरं सांभाळणं काय असतं ते मला विचार. तिला कंडक्टरची गोष्ट सांग, आणि विचार की वर्गात त्याला वह्या वाटायचं, हजेरी न्यायचं काम देता येईल का. ड्यूटी मिळाली की हे पोर बसतं, हे तिला पण कळू दे.

काळजी कधी करायची ते पण सांगते, कारण हे पत्र दुसऱ्या आया पण वाचणार. तीन वर्षं उलटून गेली तरी पोर खोटं-खोटं काही खेळतच नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, आलेले शब्द गेले, तासन्‌तास फक्त गाडीचं चाकच फिरवत बसतं, दुसऱ्या पोरांकडं ढुंकून बघत नाही, असं असेल तर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणून घरात बसू नका. मुलांच्या डॉक्टरकडं जा, कान तपासून घ्या. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीचं पथक येतं, त्यांना दाखवा. लवकर गेलं तर खूप फरक पडतो. तू लिहिलंयस त्यात मला असं काही दिसत नाही.

शेवटचं एक, आणि हे तुला सगळ्यात अवघड जाईल. खेळात शिकवायला जाऊ नकोस. तो सुट्टे देत असताना "सांग बघू दहातून सात गेले किती" असं तू विचारलंस की खेळ तिथंच मेला, मग ती परीक्षा झाली आणि त्याला ते लगेच कळतं. महागड्या एज्युकेशनल खेळण्यांची पण गरज नाही. जुनी खांद्याची पर्स दे, खरी तिकीटं साठवून दे, शिट्टी दे (तुझ्या कानांची मला काळजी वाटते पण दे). आणि बोलावलं तर प्रवासी होऊन बस, कुठं जायचं विचारलं की गाव सांग, तिकीट घे, गप्प बस.

मग दोन-चार दिवसांनी एकदा, जाता जाता, एवढंच विचार, "कंडक्टर, ही गाडी कुठली हो? बोर्ड दिसत नाही." आणि समोर एक पुठ्ठा आणि जाड खडू पडलेला असू दे. खानापूर लिहील, नाहीतर निपाणी, नाहीतर बसवर बघितलेली कन्नड अक्षरं काढायला जाईल, उलटी येतील, ओळीत येणार नाहीत. दुरुस्त करू नकोस, सोफ्याला दोरीनं बांध तो पुठ्ठा. आणि कुठल्या गावाची गाडी लागली ते मला कळव.

तुझी,
अक्का